बाजूलाबाई

रोज सकाळी साडेसातला, चहा झाल्यावर, आत्या वर्तमानपत्रातली एक ओळ मोठ्याने वाचायची. एकच. बहुतेकदा हवामानाची, कारण तिच्यात भांडण नसतं आणि कोणी मेलेलं नसतं, असं तिचं म्हणणं. "आकाश अंशतः ढगाळ राहील." एवढं म्हणायचं, घसा खाकरायचा आणि तेच पुन्हा एकदा, जरा स्पष्ट. मग वर्तमानपत्र घडी घालून फ्रिजवर, डबा पिशवीत, दाराला कुलूप.

याला कारण होतं. तिची आई, म्हणजे माझी आजी, गेल्यावर दोन खोल्यांच्या त्या घरात आत्या एकटीच उरली. त्यानंतरच्या एका सोमवारी कारखान्याच्या फाटकावर वॉचमनने तिला काहीतरी विचारलं. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटला नाही. नुसती हवा. शनिवारी दुपारी सुटल्यापासून सोमवारी सकाळपर्यंत आपण एक शब्दही बोललेलो नाही, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"घसा बसलाय का बाई? मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा," वॉचमन म्हणाला.

तिने मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून हवामान सुरू झालं.

मला हे तिने हसत हसत सांगितलं होतं. "गाडी नाही का, उभी राहिली की बॅटरी उतरते? तसंच ते. रोज एकदा चालू करून बघायची." मीही हसले होते.

आत्या दोर तोडायची. कोणी विचारलं, तुम्ही काय करता, तर ती हेच सांगायची, आणि विचारणाऱ्याला पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही. कारखाना दोरांचा होता. जहाज धक्क्याला बांधायचे मनगटाएवढे दोर, माल उचलायचे दोर, आणि उंच इमारतींच्या भिंती रंगवणारी माणसं ज्यांना लटकतात ते. लांबलचक शेडमध्ये यंत्रं दिवसभर दोर वळायची. शेडच्या टोकाला जाड भिंतींची, बिनखिडकीची एक खोली होती. प्रत्येक रिळातला एक तुकडा तिथे यायचा. त्याची दोन टोकं यंत्राच्या दोन खुंट्यांना अडकवायची आणि बटण दाबायचं. यंत्र ओढत राहायचं, काटा चढत राहायचा आणि एका क्षणी दोर तुटायचा. कितीवर तुटला तो आकडा कागदावर लिहून खाली सही केली, की बाकीचं रीळ बाहेर जायला मोकळं.

तुटलेला दोर समोर कोण आहे ते बघत नाही. ज्या रेषेत ओढला त्याच रेषेत तो उलटा उसळतो, आणि मध्ये हात असेल तर हात, मान असेल तर मान. म्हणून त्या खोलीच्या जमिनीवर यंत्राच्या दोन्ही टोकांना पिवळा पट्टा रंगवलेला होता. त्या पट्ट्यात पाय ठेवायचा नाही. बटण दाबण्याआधी आत्या ओरडायची, "बाजूला!" खोलीत दुसरं माणूस असो नसो. पूर्वी तिच्या हाताखाली एक मेकॅनिक होता. तो निवृत्त झाला, त्याच्या जागी कोणी आलं नाही, पण ओरडणं राहिलं. नियम म्हणजे नियम. भिंतीपलीकडे शेडमध्ये लोकांना दिवसातून वीस-पंचवीस वेळा तो एक शब्द ऐकू यायचा, आणि तिच्या तोंडून दुसरा शब्द क्वचितच. तेव्हा तिचं नाव बाजूलाबाई पडलं, आणि ते सव्वीस वर्षं टिकलं.

कारखान्यात तिचं बोलणं व्हायचं ते पॅकिंग सांभाळणाऱ्या वहिनीशी. ही सगळ्यांचीच वहिनी. कोणाची म्हणून ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तोंडाने फटकळ, जेवताना सारखी बोलणारी. आत्या तिच्या शेजारी बसून डबा खायची आणि मान हलवायची. पुढचं बरंचसं मला या वहिनीकडून कळलं.

नवे साहेब आले तेव्हा आत्याला निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. तरुण, शांत, कोणाला अरेतुरे न करणारे. आल्यावर महिन्याभरात त्यांनी सूचना लावली. प्रत्येक विभागाने दहा मिनिटांचं सादरीकरण करायचं: आपण काय करतो, का करतो, आणि आपल्याशिवाय कारखान्याचं काय अडेल. सूचनेत लिहिलेलं नव्हतं पण सगळ्यांना कळलेलं होतं की दोन-तीन विभाग बंद होणार, आणि त्यात पहिलं नाव चाचणीच्या खोलीचं आहे. बाहेर एक प्रयोगशाळा निघाली होती. तुकडे तिकडे पाठवायचे, चार दिवसांत आकडे परत येतात. खोली नको, यंत्राची देखभाल नको.

"काय गं, तू काय बोलणार?" वहिनीने विचारलं. "दहा मिनिटं म्हणजे साडेपाचशे वेळा बाजूला म्हणावं लागेल तुला."

आत्या डबा पुसत म्हणाली, "मोजलंस होय तू?"

ती खोली गेली तर तिला दुसरं काम मिळालंच असतं, उपाशी राहायची वेळ नव्हती. पण त्या खोलीत तिला जे कळायचं ते जगात दुसरीकडे कुठे उपयोगी पडणारं नव्हतं. तिला दोर तुटण्याआधीचा आवाज कळायचा.

ताण वाढत जातो तसा दोर बोलायला लागतो. आधी पीळ घट्ट होताना एक बारीक कुरकुर, मग एकेक धागा सुटल्याची टकटक, मग दोराचा पहिला पदर तुटतो. चांगल्या दोरात हे एका ठरावीक चालीने होतं. दोरात खोट असेल तर चाल चुकते, आकडा बरोबर आला तरी चुकते. आत्याला ते डोळे मिटून कळायचं. हे तिने कोणाला फारसं सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

कारखान्याने सगळ्या विभागप्रमुखांसाठी दोन दिवसांचं बोलण्याचं शिबिर ठेवलं. शिकवायला आलेली ट्रेनरबाई पंचविशीतली, पांढरे बूट घातलेली, आणि फार उत्साही.

"आज आपण सगळे मिळून एक गंमत करणार आहोत!" तिने सुरुवात केली.

"गंमत म्हणजे नोकरी जाण्याची ना?" भांडारातले काका मागून म्हणाले.

ट्रेनरबाईही हसली. तिने जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारली. "ही तुमची जागा. सगळ्यांच्या समोर, बरोब्बर मध्ये. इथून बोलायचं." आत्याची पाळी आली. ती फुलीवर उभी राहिली, बोलायला लागली, आणि दोन वाक्यांत फुलीवरून हलली. चौथ्या वाक्याला भिंतीपाशी पोचली.

"मॅडम, कुठे चाललात?"

"कुठे नाही."

"अहो, तुम्ही दारापाशी पोचलात!"

"बाजूलाबाई आहे ती," वहिनी म्हणाली. "तिला मध्ये उभं करायचं तर बांधून ठेवा. दोर आहेत इथे पुष्कळ."

सगळे खो खो हसले. आत्या परत फुलीवर आली, पुन्हा घसरली. तिसऱ्या वेळी ट्रेनरबाईने जवळ जाऊन हळू विचारलं, "नेमकं काय होतं तुम्हाला?"

"सगळे एका रेषेत माझ्याकडे बघायला लागले, की मला वाटतं काहीतरी ताणलंय."

मग ट्रेनरबाईने टाळी वाजवली. "हे वाक्य! हे घ्या तुमच्या भाषणात!"

"हे भाषणातलं नाही," आत्या म्हणाली. "खरंच वाटतं."

पण ती शिकली. तिला शिकवलेलं ऐकायची सवय होती. पडद्यावरचं वाचून दाखवायचं नाही. आकड्यांनी सुरुवात करायची नाही, घडलेल्या गोष्टीने करायची. एक वाक्य संपेपर्यंत एकाच माणसाकडे बघायचं, मग दुसऱ्याकडे वळायचं. आणि थांबायचं. थांबायला घाबरायचं नाही, मनात तीन मोजायचे. "तुम्ही गप्प झालात की लोक तुमच्याकडे ओढले जातात," ट्रेनरबाईने सांगितलं होतं, आणि हे आत्याला एकदम पटलं. ओढल्यावर काय होतं ते तिला माहीत होतं.

सादरीकरणाला अठरा दिवस होते. रोज संध्याकाळी घरी आल्यावर ती बाहेरच्या खोलीत माणसं मांडायची. दोन खुर्च्या, एक स्टूल, उभी केलेली सूटकेस आणि धान्याचा डबा. गादीची खुर्ची म्हणजे साहेब. डुगडुगती खुर्ची म्हणजे उत्पादनप्रमुख, कारण ते बसल्या जागी सारखे हलतात. स्टूल भांडारवाले काका. डब्याला तिने वहिनी ठरवलं होतं, आणि हे वहिनीला कधी सांगितलं नाही. फरशीवर तिने खडूने फुली काढली होती. एक वाक्य साहेबांना, एक स्टुलाला, एक डब्याला. गादीच्या खुर्चीकडे बघताना सुरुवातीला ती फुलीवरून सरकायची. दहाव्या दिवसापासून नाही.

बाराव्या दिवशी तिने मला फोन केला. मी तेव्हा दुसऱ्या शहरात शिकत होते.

"दहा मिनिटं आहेत का गं तुझ्याकडे? नुसतं ऐकायचंय."

"बोल ना आत्या."

मी फोन स्पीकरवर ठेवला आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसले. ती बोलत होती. मध्ये जरा वेळ काही ऐकू आलं नाही, मग पुन्हा आलं. शेवटी ती म्हणाली, "झालं."

"छान झालं गं. मस्तच."

"मध्ये मी गप्प होते, ते कसं वाटलं?"

"ते होय... मला वाटलं नेटवर्क गेलं."

"नाही. मोजत होते. तीनच मोजायचे असतात, मी वीसपर्यंत गेले. म्हटलं बघावं, तू काही बोलतेस का."

"मग मी बोलायचं होतं का?"

"छे, छे. ऐकणाऱ्याने गप्पच बसायचं असतं," ती घाईने म्हणाली. "बरोबर केलंस तू."

त्यानंतर ती रोज फोन करायची आणि मी रोज छान झालं म्हणायचे. खुर्च्यांनी ऐकून घेतलं, मी ऐकल्यासारखं केलं. प्रश्न कोणीच विचारला नाही. प्रश्नांना उत्तर द्यायचाही सराव लागतो, हे तिच्या, माझ्या किंवा त्या हुशार ट्रेनरबाईच्याही डोक्यात आलं नाही.

सादरीकरण पहिल्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत झालं. लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, भिंतीवर पडदा, मागच्या रांगेत ट्रेनरबाई. आधी भांडारवाले काका बोलले, चार मिनिटांत संपले आणि उरलेली सहा मिनिटं घाम पुसत उभे राहिले. वहिनी पंधरा मिनिटं बोलली. तिला हाताला धरून बसवावं लागलं. मग आत्या उठली. नवा कोट घातला होता. फुली नव्हती, पण तिने पडद्यापुढची मधली फरशी आधीच हेरून ठेवली होती.

"अकरा वर्षांपूर्वी," ती म्हणाली, "एक रीळ आलं. आकडा बरोबर होता. मी सही केली नाही."

आणि थांबली. एक, दोन, तीन.

वहिनी म्हणते, त्या तीन आकड्यांत खोलीतले सगळे फोन खाली ठेवले गेले.

त्या रिळाचा दोर तुटण्याआधी नेहमीसारखा बोलला नव्हता. आत्याने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, आवाज बरोबर नाही. तेव्हाच्या इंजिनिअरांनी तो कागद एकमेकांना दाखवून करमणूक करून घेतली होती. पण सहीवाचून रीळ बाहेर जाईना, म्हणून चिडून त्यांनी तो दोर उलगडला. एका पदरात दुसऱ्याच जातीचा धागा गेला होता, कोरडा असेपर्यंत टिकणारा आणि भिजला की ढेपाळणारा. दोर जहाजासाठी होता.

हे सांगून तिने पडद्यावर चाळीस सेकंदांची चित्रफीत लावली. वहिनीच्याच फोनवर घेतलेली. दोर ताणला जात होता, काटा चढत होता, खोलीत ती कुरकुर भरून राहिली. मग टकटक सुरू झाली, आणि आत्या सगळं विसरली.

"बाजूला!" ती ओरडली आणि उडी मारून भिंतीला लागली.

त्याच क्षणी उत्पादनप्रमुखांनी, ज्यांनी तीस वर्षांपूर्वी शेडमध्ये हमाली करून सुरुवात केली होती, खुर्चीसकट मागे उसळी घेतली. त्यांची बाटली कलंडली. पाणी साहेबांच्या कागदांवर. पडद्यावर दोर तुटला, आणि खोलीत असा हशा फुटला की खालच्या मजल्यावरून कोणीतरी बघायला आलं. आत्याही हसत होती. हसतच ती परत मधल्या फरशीवर आली.

"बघितलंत? दोर तुटला नव्हता अजून. पण प्रमुखसाहेबांच्या कानाला कळलं."

टाळ्या पडल्या. भाषण चालू असताना मध्येच टाळ्या त्या दिवशी दुसऱ्या कोणाला पडल्या नाहीत. शेवटचं वाक्य तिने थेट साहेबांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "बाहेरून आकडा येईल आणि तो बरोबरच असेल. पण आकडा तुटल्यावर येतो. आवाज आधी येतो."

साहेबांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. मग ओले कागद बाजूला सारून ते म्हणाले, "बाई, फार सुंदर. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. एकच विचारतो. हे तुम्हाला ऐकू येतं, ते पटलं मला. तुम्हाला चार वर्षं राहिलीत. तुमच्यानंतर कोणाला ऐकू येईल? कोणाला शिकवलंत का? कुठे लिहून ठेवलंय?"

आत्या गप्प राहिली.

लोकांना वाटलं, ही पुन्हा थांबली. सगळे हसऱ्या चेहऱ्यांनी वाट बघत राहिले. मागे ट्रेनरबाईने मान डोलावून शाबासकीही दिली. "मलासुद्धा वाटलं," वहिनी म्हणाली, "आता ही काहीतरी जोरदार फेकणार. मी टाळीला हात वर धरून बसले होते." तीन झाले, दहा झाले. एकेका चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं. आत्या फरशीवरून हलली, अर्धं पाऊल, मग आणखी अर्धं, आणि बोलता बोलता नव्हे, तर गप्प राहूनच ती भिंतीपाशी पोचली.

"बसा बाई," साहेब मवाळपणे म्हणाले. "विचार करा. घाई नाही."

त्या संध्याकाळी मी फोन केला. "कसं झालं?"

"टाळ्या पडल्या."

"मग तर झालंच की!"

"हो," ती म्हणाली. "चांगल्या पडल्या."

प्रश्नाचं तिने मला सांगितलं नाही.

घाई नाही म्हटलं तरी निर्णय व्हायला एक महिना होता. त्या महिन्यात तिने उत्तर तयार करायची धडपड केली. एक वही आणली. ती नंतर मला तिच्या कपाटात सापडली, पहिली आठ पानं भरलेली. "वाळलेली फांदी मोडावी तसा. नाही. बोटं मोडावीत तसा, पण लांबून. दार कुरकुरावं तसा, पण दाराला शेवट असतो, याला नाही." प्रत्येक ओळ खोडलेली. लहान, नीट, पट्टीने मारल्यासारखी रेघ.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ती वहिनीला खोलीत घेऊन गेली. पट्ट्याबाहेर उभं केलं. दोर तोडला.

"काय ऐकू आलं?"

"तुटला."

"त्याच्या आधी?"

"आधी तू ओरडलीस."

"ते नाही गं. मधलं."

"मधलं काही नाही बाई. मला भूक लागलीय, चल."

आणखी चार-पाच जणांना नेलं. भांडारवाल्या काकांना तर दोनदा. त्यांनी मनापासून कान टवकारले, दुसऱ्या वेळी डोळेही मिटले, आणि कबूल केलं की आपल्या एका कानाला तसंही कमी येतं. जो मेकॅनिक आठ वर्षं तिच्या शेजारी उभा राहिला होता, त्याच्या घरीही ती जाऊन आली. तो म्हणाला, "तुम्हाला ऐकू यायचं ना, म्हणून मी लक्षच दिलं नाही."

महिनाअखेरीस खोली बंद झाली. यंत्र खोलून ट्रकमध्ये घातलं. जमिनीत चार बोल्टांची भोकं राहिली, ती सिमेंटने बुजवली. साहेबांनी तिला बोलावून चहा दिला. "तुमच्यासारखं बोलणारं दुसरं कोणी नाही आपल्याकडे. दर सोमवारी नवे कामगार येतात, त्यांना सुरक्षेचं सांगायला माणूस हवंय." ते मनापासून म्हणत होते. आत्याने हो म्हटलं.

अशी सव्वीस वर्षं न बोललेली बाई शेवटची चार वर्षं बोलून पगार घेत होती. एका सोमवारी मी सुट्टीत तिच्याकडे आले होते, तेव्हा सभागृहात मागे जाऊन बसले. वीस-बावीस नवी माणसं. आत्या बरोब्बर मध्ये उभी. हातात माईक, तो तोंडापासून नेमक्या अंतरावर. एका वाक्याला एक माणूस. हातमोज्यांबद्दल तिने एक विनोद केला, लोक हसले. हसू ओसरेपर्यंत ती थांबली, मग पुढे गेली. भिंतीकडे तिने एकदाही बघितलं नाही. ती इतकी चांगली बोलत होती की मला ती ओळखीची वाटेना.

शेवटी म्हणाली, "काही प्रश्न?"

खुर्च्या सरकल्या. लोकांना चहाला जायचं होतं. तरीही ती उभी राहिली, एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर नजर नेत, प्रत्येकाला पुरेसा वेळ देत. सगळे बाहेर गेल्यावर तिने माईकची वायर हाताच्या पंजाभोवती गुंडाळायला घेतली. ते गुंडाळणं मात्र तिचंच होतं. पीळ पडू न देता, एकेक वेढा सारखा.

"किती मस्त बोललीस गं."

"जमतं आता," ती म्हणाली. वायर गुंडाळून झाली, ती कपाटात ठेवली, कपाट लावलं. "बोलायला जमतं. सांगायचं होतं ते गेलं ट्रकमधून."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "चहा घ्यायचा का?"

आत्या निवृत्त झाली आणि सात महिन्यांनी गेली. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली, दार उघडलं नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, काही कळलंही नसेल. कारखान्यातली पंधरा-वीस माणसं आली होती. साहेबही आले, मागे उभे राहिले. वहिनी माझ्याशेजारी बसली आणि तासभर बोलत होती, आणि त्या तासात मला पहिल्यांदा त्या प्रश्नाचं कळलं, जो आत्याला बैठकीच्या खोलीत विचारला गेला होता आणि ज्याचं उत्तर शोधत ती महिनाभर हिंडली होती. "तुला नव्हतं सांगितलं?" वहिनी म्हणाली. "मला वाटलं, तुला तरी सांगितलं असेल."

आत्याशी माझं शेवटचं बोलणं ती गेली त्याच्या आदल्या रविवारी झालं होतं. नेहमीचाच फोन. तिच्या शेजाऱ्यांनी घर विकायला काढलं होतं, माझा सर्दी-खोकला अजून गेला नव्हता. बोलणं संपत आलं होतं. मग मी विचारलं. काही ठरवून नाही. त्या दिवशी पलंगावर नुसती पडले होते, हातात दुसरं काही काम नव्हतं, एवढंच.

"आत्या, दोर तुटायच्या आधी आवाज येतो म्हणायचीस ना. कसा असतो गं तो?"

पलीकडे शांतता झाली. या वेळी मला नेटवर्क गेलं असं वाटलं नाही.

"कोणता?" ती म्हणाली. "कोरड्या दोराचा का ओल्याचा?"

"दोन्ही सांग."

"दोन वेगळे असतात." ती जराशी हसली. "आणि नव्याचा वेगळा. असं फोनवर नाही कळायचं. तू येशील तेव्हा सांगते, नीट बसून. आता ठेव, इस्त्री तापलीय माझी."